चेंडूला उंची द्यावी की नाही?

आज मी आपल्याशी बोलणार आहे तो विषय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. शाळेच्या पटांगणावर, गावाबाहेरच्या माळावर, नाहीतर उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळ्यात पोरं क्रिकेट खेळत असतात. खेळपट्टी कसली, रोलर कसला! दोन दगड इकडे, तीन काठ्या तिकडे. त्यात एखादा बारकासा मुलगा चेंडू टाकायला येतो. वेगाने टाकण्याइतकी ताकद अंगात नसते. तो चेंडू हवेत उंच देतो, चेंडू हळूच खाली येतो, आणि समोरचा दांडगा मुलगा तो उचलून बांधापलीकडे मारतो. लगेच चहूबाजूंनी ओरडा होतो, "अरे, वर टाकू नकोस! सरळ टाक!" ओरडणाऱ्यांत पुष्कळदा त्यांचे शिक्षकही असतात.

तर प्रश्न असा, की गोलंदाजाला चेंडू उंच टाकू द्यावा की नाही? खेळाचे नियम त्याला परवानगी देतात का? देत असतील तर किती? आणि नियम परवानगी देत असूनही आपणच मुलांना मना करीत असलो, तर ते बरे का वाईट? माझा विषय इतिहास. क्रिकेटचा मी काही मोठा खेळाडू नव्हे. पण कॉलेजातल्या मुलांबरोबर मैदानावर उभे राहण्यात माझी वीसएक वर्षे गेली आहेत, आणि या प्रश्नाने मला एकदा चांगलेच अडचणीत टाकले. ती हकिगत पुढे सांगेनच. आधी थोडा इतिहास पाहू.

आज आपण गोलंदाजी म्हटले की हात डोक्यावरून फिरवून टाकलेला चेंडू डोळ्यांपुढे आणतो. परंतु मुळात इंग्लंडात हा खेळ सुरू झाला तेव्हा चेंडू कमरेखालच्या हाताने टाकीत. पुढे काहींनी हात वर न्यायला सुरुवात केली आणि भांडणाला तोंड फुटले. १८३५ साली खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्याची मुभा नियमाने मिळाली. तरी काही गोलंदाजांचा हात त्याहूनही वर जाई. १८६२ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर एडगर विल्शर नावाचा गोलंदाज खेळत होता. त्याचा हात खांद्याच्या वर जातो म्हणून पंचाने त्याचे एकापाठोपाठ सहा चेंडू नोबॉल ठरवले. पंचाचे नाव जॉन लिलीव्हाइट, आणि गंमत अशी की तो विल्शरचा मित्र होता. विल्शर मैदान सोडून निघून गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे व्यावसायिक सोबतीही गेले. दुसऱ्या दिवशी पंच बदलला तेव्हा खेळ पुढे चालला. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८६४ साली, डोक्यावरून हात फिरवण्यास नियमाने संमती दिली.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, जे काल गैर होते ते आज रीतसर होऊ शकते. आणि दुसरी, पंच नियमाप्रमाणे वागला म्हणजे प्रश्न मिटतोच असे नाही. कधीकधी तिथूनच तो सुरू होतो.

डोक्यावरून हात फिरवण्याची मुभा मिळाली, तरी कमरेखालून चेंडू टाकणारे लगेच नाहीसे झाले नाहीत. त्यांच्या चेंडूला इंग्रजीत लॉब म्हणत. हा चेंडू हवेत झोका घेऊन येई. सगळेच लॉब टाकणारे चेंडू उंच देत असे मात्र नव्हे. या जातीचा कसोटीतला शेवटचा नामवंत गोलंदाज म्हणजे जॉर्ज सिम्प्सन-हेवर्ड. त्याचा चेंडू फारसा उंच जात नसे, पण गिरकी विलक्षण असे. १९०९–१० साली दक्षिण आफ्रिकेत पाच कसोटी सामन्यांत त्याने २३ बळी घेतले. त्याच्यानंतर ही जात हळूहळू लोपली.

शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारे आर्थर कॉनन डॉइल आपल्याला ठाऊक असतील. ते बऱ्यापैकी क्रिकेट खेळत. १९०० साली त्यांनी खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा बळी घेतला होता. हे डॉइलसाहेब एकदा फलंदाजी करीत असताना समोरच्या गोलंदाजाने चेंडू आकाशात उंच फेकला. तो सरळ वरून त्यांच्या यष्टींवर येऊन पडला. कसा खेळावा हे काही केल्या त्यांना सुचेना, आणि ते बाद झाले. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली असावी. १९२८ साली त्यांनी एक कथा लिहिली. तिचा नायक आहे एक साधा शाळामास्तर. प्रकृतीने नाजूक, हृदय दुबळे. हा मास्तर रानात दोन झाडांच्या मध्ये पन्नास फूट उंचीवर दोरी बांधतो, आणि तिच्यावरून चेंडू टाकून तो बरोबर यष्टींवर पाडण्याचा सराव करतो. एक जाणता खेळाडू ते पाहतो आणि या मास्तरला थेट इंग्लंडच्या संघात नेऊन ऑस्ट्रेलियापुढे उभा करतो. पुढे काय झाले ते शिक्षकबंधूंनी मिळवून वाचावे. दुबळ्या अंगाचा माणूस उंचीच्या बळावर दांडग्यांना कसा नमवतो, त्याची ती गोष्ट आहे.

आता गोष्टीतून नियमाकडे येऊ. या मास्तरचा चेंडू आज चालेल का? चालणार नाही. का ते नीट समजून घेऊ, कारण इथे पुष्कळांचा घोटाळा होतो.

चेंडू हवेत किती उंच जावा यावर नियमाने मर्यादा घातलेली नाही. गोलंदाजाने चेंडू दहा फूट उंच दिला आणि तो फलंदाजाच्या पुढे जमिनीवर टप्पा घेऊन आला, तर तो रीतसर चेंडू आहे. टप्प्यानंतर तो फलंदाजाच्या डोक्यावरून गेला तर नोबॉल, एवढेच. अडचण येते ती टप्पा न घेता येणाऱ्या चेंडूची, म्हणजे ज्याला आपली मुले फुलटॉस म्हणतात त्याची. फलंदाज आपल्या रेषेवर ताठ उभा असताना असा चेंडू त्याच्या कमरेच्या वरून गेला तर तो नोबॉल. आता हिशेब करा. यष्टींची उंची सुमारे ७१ सेंटिमीटर, आणि फलंदाजाची रेषा यष्टींच्या पुढे चार फूट. माणसाची कंबर सुमारे एक मीटरवर धरली, तर रेषेवर कमरेइतका असलेला चेंडू चार फुटांत जेमतेम एक फूट खाली उतरला पाहिजे, तेव्हा तो यष्टींच्या माथ्यावर पडेल. पन्नास फुटांवरून कोसळणारा मास्तरचा चेंडू रेषेवर असताना जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच असेल. तो नोबॉलच.

हा नियम आहे तो फलंदाजाच्या जिवाच्या काळजीने. वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा न घेता छातीवर, तोंडावर आला तर काय होते हे सांगायला नको. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मंद चेंडूचा. २००० सालच्या नियमावलीत या दोहोंत फरक केलेला होता. वेगवान चेंडू कमरेच्या वर गेला तर नोबॉल; मंद चेंडू मात्र खांद्याच्या वर गेला तरच नोबॉल. म्हणजे कंबर ते खांदा एवढी जागा मंद गोलंदाजाला मोकळी होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून लंडनच्या एम. सी. सी.ने नवी नियमावली अमलात आणली, आणि हा फरक गेला. चेंडू मंद असो की वेगवान, टप्पा न घेता कमरेच्या वर गेला की नोबॉल. इतकेच नव्हे, तर इजा होण्याजोगा असो वा नसो, तो चेंडू धोक्याचाच मानायचा. पहिल्या वेळी गोलंदाजाला ताकीद, आणि त्याच डावात दुसऱ्यांदा झाले तर त्याला गोलंदाजीवरून काढायचे. त्या डावात त्याला पुन्हा चेंडू हातात घेता येणार नाही.

पंचाच्या दृष्टीने नियम सोपा झाला. मंद कोणता, वेगवान कोणता याची घासाघीस उरली नाही. पण सोपा नियम हा नेहमी न्यायाचा असतोच असे नाही. आता माझी हकिगत सांगतो.

२०१८ सालची हिवाळ्याची गोष्ट. आमचे कॉलेज तालुक्याच्या गावचे. आसपासच्या खेड्यांतून मुले एस. टी.ने येतात. त्या वर्षी वर्गावर्गांतले सामने चालले होते आणि पंच म्हणून मी उभा होतो. नवी नियमावली मी मन लावून वाचली होती, आणि खरे सांगायचे तर ती वाचल्याचा मला थोडा अभिमानही होता.

पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने सडपातळ, बोलायला भिडस्त. तो चेंडू टाकायला आला आणि सगळे हसायलाच लागले. चेंडू एवढा उंच जाई की फलंदाजाला मान वर करून पाहावे लागे. पण हसणारे लवकरच गप्प झाले. चेंडू हवेतून येताना मध्येच कुणी दोरी ओढावी तसा खाली येई आणि फलंदाजाच्या अंदाजाच्या हातभर अलीकडे पडे. तीन फलंदाज पुढे धावत आले, बॅट हवेत फिरली आणि मागे यष्टिरक्षकाने काठ्या उडवल्या. मधल्या वेळात मी त्याला विचारले, "हे कुठं शिकलास रे?" तो म्हणाला, "सर, आमच्या खळ्यात मध्येच बाभळीची फांदी आडवी आलीय. तिच्यावरनंच टाकावं लागतंय." सपाट जागा तेवढीच, फांदी तोडायला वडील तयार नाहीत, म्हणून हा पोरगा लहानपणापासून फांदीवरून चेंडू टाकत आलेला. त्यातून त्याला ही विद्या लाभली होती.

दुसऱ्या टोकाला फलंदाज बदलला. मुलाच्या बोटांना घाम आला असावा. एक चेंडू हातातून निसटला आणि टप्पा न घेता फलंदाजाच्या पोटाच्या उंचीवर आला. इतका संथ, की फलंदाजाने हसत हसत त्याला चौकार मारला. मी नोबॉल दिला आणि पुस्तकाप्रमाणे ताकीदही दिली. पुढच्या षटकात तसाच आणखी एक चेंडू निसटला. मी पुन्हा नोबॉल दिला, त्याच्या कप्तानाला बोलावले आणि सांगितले, "याला काढा. या डावात याला आता टाकता येणार नाही."

मुलगा माझ्याकडे पाहत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, पण लागलं कुणाला?"

मी म्हणालो, "नियम आहे."

श्रोतेहो, त्या दिवशी मी नियमाप्रमाणे वागलो. त्यात काही चूक नव्हती. पण 'धोक्याची गोलंदाजी' हे शब्द मी मैदानाच्या मध्यावर, सगळ्यांदेखत उच्चारले, आणि ते त्या मुलाच्या मनात रुतले. पुढच्या सामन्यात तो आला तो चेंडू सपाट टाकीतच. मित्रांनीही त्याला समजावले होते, "वर टाकू नको, सर काढतील." सपाट टाकणारे आमच्याकडे दहाजण होते. हा अकरावा झाला.

एप्रिल २०१९ मध्ये त्याच नियमावलीची दुसरी आवृत्ती निघाली. तीत हे कलम सुधारले होते. कमरेवरचा फुलटॉस नोबॉलच राहिला. पण तो धोक्याचा आहे की नाही, हे पंचाने पाहून ठरवायचे. चेंडूचा वेग, उंची, दिशा आणि समोरच्या फलंदाजाची कुवत लक्षात घेऊन इजा होण्याचा संभव असेल, तरच ताकीद आणि पुढची कारवाई. म्हणजे 'लागलं कुणाला?' हा जो प्रश्न त्या मुलाने मला विचारला होता, तोच प्रश्न आता पुस्तकाने पंचाला विचारायला लावला. ते कलम वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आता कुणी विचारील, एवढे काय आहे त्या उंचीत? सपाट टाकले तर काय बिघडले? म्हणून त्यातले मर्म थोडक्यात सांगतो.

आपण सुगीत कडब्याची गंजी रचताना पाहिली असेल. वर उभ्या असलेल्या गड्याकडे खालचा गडी पेंढी फेकतो. पेंढी सरळ आणि जोरात आली तर तिची वाट आधीच कळते. हात पुढे केला की झाले. तीच पेंढी उंच झोक्याने आली, तर गड्याला मान वर करावी लागते, ती कुठे पडेल याचा अदमास घ्यावा लागतो आणि पाय हलवावे लागतात. फलंदाजाचे असेच आहे. चेंडू त्याच्या डोळ्यांच्या रेषेखालून आला तर टप्पा कुठे पडणार हे त्याला लवकर उमगते. डोळ्यांच्या वर गेला की अंदाज घेणे अवघड होते. त्यातून गोलंदाजाने चेंडूला पुढच्या बाजूने गिरकी दिलेली असली, तर हवेचा दाब त्याला खाली ढकलतो आणि चेंडू अपेक्षेपेक्षा लवकर पडतो. शास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना हा धडा फळ्यावर शिकवण्याऐवजी एकदा मैदानावर नेऊन दाखवावा.

म्हणजे उंच चेंडू हा फलंदाजाला मोहात पाडतो. 'ये, मला मार,' असे तो म्हणतो. त्यात गोलंदाजाचाही धोका असतो. चेंडू कधी बांधापलीकडे जाणारच. मार खाण्याची तयारी ठेवून बळी मिळवायचा, अशी ही कला आहे.

मुंबईचे सुभाष गुप्ते या कलेचे मोठे जाणकार. मनगटाने चेंडू फिरवीत आणि त्याला हवेत सोडून देत. १९५८ साली कानपूरला बलाढ्य वेस्ट इंडीजच्या एकाच डावात त्यांनी १०२ धावा देऊन ९ बळी घेतले. ३६ कसोटींत त्यांचे १४९ बळी झाले. गॅरी सोबर्ससारखा खेळाडू त्यांना लेगस्पिन गोलंदाजांत सर्वश्रेष्ठ मानीत असे.

दुसऱ्या बाजूला बापू नाडकर्णी पाहा. नाशिकला जन्मलेले. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ओळीने २१ निर्धाव षटके टाकली. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा. अचूकपणाचा असा नमुना जगात दुसरा सापडणे कठीण. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्याच्यावर चेंडू पाडीत, असे सांगतात. मात्र त्या डावात त्यांना बळी एकही मिळाला नाही. मी नाडकर्ण्यांना कमी लेखीत नाही. धावा रोखणे हे संघाचे मोठे काम, आणि त्यालाही तपश्चर्या लागते. सांगायचे ते इतकेच, की संघाला नाडकर्णी हवेत आणि गुप्तेही हवेत. आपण मात्र सगळ्या मुलांना नाडकर्णी करायला निघालो आहोत, आणि तेही नाण्यावरचा सराव न करता.

पद्माकर शिवलकरांचे नाव मुंबईकर अजून आदराने घेतात. डावऱ्या हाताचे मंद गोलंदाज. १९७२–७३ च्या रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मद्रासला तामिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांचे ५८९ बळी झाले. बिशनसिंग बेदी त्याच काळात असल्यामुळे शिवलकरांना कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. मार्च २०२५ मध्ये ते वारले, तेव्हा कसोटी न खेळलेल्या या माणसासाठी कितीतरी लोक हळहळले.

ही सगळी जुनी माणसे झाली, आता वीस षटकांच्या जमान्यात हे चालायचे नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी २१ फेब्रुवारी २०२० या दिवसाची आठवण देतो. सिडनीला महिलांच्या वीस षटकांच्या विश्वचषकाचा पहिला सामना होता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपल्या संघाच्या झाल्या होत्या अवघ्या १३२ धावा. आग्र्याची पूनम यादव गोलंदाजीला आली. उंचीने लहान, आणि चेंडू इतका मंद व उंच, की तो पोचेपर्यंत फलंदाजाचे दोन विचार व्हावेत. तिने १९ धावांत ४ बळी घेतले आणि आपण १७ धावांनी सामना जिंकला. आमच्या कॉलेजच्या मैदानावर ती आली असती तर तिलाही कुणीतरी म्हटले असते, "ताई, वर टाकू नकोस!"

दुसरी बाजूही सांगायला हवी. गावोगावच्या स्पर्धांत मैदाने लहान असतात. बक्षिसाची रक्कम असते, पाहुण्यांनी दिलेली ढाल असते, गावाची इभ्रत असते. अशा वेळी एका षटकात चार षटकार बसले तर कप्तानाच्या पोटात गोळा येतो. त्याने गोलंदाजाला सपाट टाकायला सांगितले, तर मी त्याला दोष देणार नाही. मोठ्या स्पर्धांत नोबॉलनंतर फलंदाजाला फ्री हिट मिळते, त्यामुळे निसटलेल्या एका फुलटॉसची किंमत फार जबर पडते. हे सगळे खरे आहे. पण शाळेतला तास म्हणजे काही ढालीचा सामना नव्हे. शाळा ही शिकण्याची जागा. तिथे चुकण्याची मुभा नसेल तर ती कुठे असणार?

गोलंदाजाला चेंडू उंच टाकू द्यावा की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. टप्पा घेणारा उंच चेंडू नियमाने पूर्वीही मोकळा होता, आजही आहे. कमरेवरचा फुलटॉस नोबॉल असावा, याला माझी हरकत नाही. लहान मुलांच्या सामन्यात, जिथे डोक्यावर हेल्मेट नसते, तिथे तर तो असलाच पाहिजे. पण उंच चेंडूला खरी बंदी पुस्तकाने घातलेली नाही, ती आपल्या तोंडाने घातलेली आहे. 'वर टाकू नकोस' हे कलम कुठल्याही नियमावलीत नाही; ते आपणच केले आहे, आणि त्याला सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघत नाही.

शिक्षकबंधुभगिनींना माझी तीन कामांची विनंती आहे. पहिले, पंच म्हणून उभे राहाल तेव्हा नोबॉल जरूर द्या. पण मंद चेंडू निसटला असेल तर त्याला धोक्याचा म्हणू नका, आणि मुलाला सर्वांदेखत खाली पाहायला लावू नका. आता नियमही तेच सांगतो. दुसरे, आठवड्यातून एक दिवस पटांगणावर दोन खांबांना दोरी बांधा. मुलांच्या डोक्याहून हातभर उंच. सगळ्यांना सांगा, आज चेंडू दोरीवरूनच टाकायचा आणि पलीकडे आखलेल्या चौकटीत पाडायचा. दोरीला खर्च नाही, आणि मुलींनाही हा खेळ मुलांइतकाच जमतो. तिसरे, एखाद्याला षटकार बसला तर लगेच चेंडू काढून घेऊ नका. त्याला आणखी एक षटक द्या. बहुधा त्याच षटकात तो काहीतरी शिकून जातो.

आणि पालकांना एवढेच सांगणे, की अंगणातल्या फांद्या तोडताना जरा विचार करा. त्यांचा उपयोग कुणाला कसा होईल सांगता येत नाही!

जाता जाता त्या मुलाचे सांगतो. तो आता नोकरीला लागला आहे. गेल्या साली जत्रेत भेटला. बरोबर बायको होती, कडेवर लहान मूल होते. त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याला २०१९ च्या सुधारलेल्या कलमाबद्दल सांगितले. म्हटलं, "अरे, नियम बदलला. त्या दिवशी तू म्हणालास तेच बरोबर होतं." तो हसला. रविवारी अजून खेळतो म्हणाला, टेनिसच्या चेंडूने. मी विचारले, "मग टाकतोस का पूर्वीसारखा?"

तो म्हणाला, "नाही सर. आता हात वर जातच नाही. सवय मोडली."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण श्रोतेहो, नियम बदलायला सव्वा वर्षही लागले नाही, हाताची सवय मात्र परत आली नाही. आपल्या शाळेच्या मैदानावर उद्या एखादा बारका मुलगा चेंडू उंच देईल, समोरचा तो बांधापलीकडे मारील, आणि आपल्या तोंडी ते नेहमीचे वाक्य येईल. ते वाक्य ओठांवर येईल तेव्हा क्षणभर थांबा, एवढीच माझी आपल्याला विनंती आहे.